मुक्या खांबाची खूण

मुदतीच्या तापातून आई उठली ती कान गमावूनच. ताप उतरला, गळलेले केस पुन्हा आले, जिभेला चव आली, पण ऐकणं काही परत आलं नाही. बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी आमच्या डॉक्टरांना दाखवलं, पुण्याला नेऊन आणलं, कुणी सांगितलं म्हणून कानात कोमट तेलही घालून पाहिलं. मग एके दिवशी जेवताना, आमच्यापैकी कुणाकडेच न बघता, ते म्हणाले, "आता हे असंच राहणार." आई समोरच बसून भाकरी कुस्करत होती. तिला ते कळलं की नाही, मला आजही सांगता यायचं नाही. तिनं माझ्या ताटलीत आणखी थोडं कालवण वाढलं आणि विचारलं, "तिखाट झालंय का?"

शिरूरला तेव्हा जुनी माणसं घोडनदीच म्हणत. मिशनच्या आवारात नोकरमाणसांच्या खोल्यांची एक ओळ होती, तिच्यातली अगदी शेवटची आमची. दारापुढं कडुनिंब, त्याच्यापलीकडे दवाखान्याची मागची भिंत, आणि त्या भिंतीच्या वर दिसणारी चर्चची घंटा. मी डोळे मिटून वेळ सांगू शकत असे. पहाटे शेजारच्या खोलीतलं जातं, मग घंटा, मग बाबांच्या खलबत्त्याचा आवाज; दुपारी नदीकडून येणाऱ्या म्हशींच्या गळ्यातली लोढणी; संध्याकाळी परातीत थापल्या जाणाऱ्या भाकऱ्या. आईच्या आजारानंतर पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की आमचा दिवस किती ऐकण्यावर चालायचा. दूध उतू जाताना ते तिला दिसलं तरच कळे. दार वाजलं तर मी उठायची. रविवारी उपासनेत गाणं सुरू झालं की ती शेजारणीच्या पुस्तकात बोट कुठं आहे ते बघून ओळ धरायची, आणि इतरांचं गाणं संपलं तरी तिचं एखादं अक्षर मागं राहायचं. एकदा पुढच्या बाकावरच्या पोरी वळून हसल्या. त्यानंतर ती गाईनाशी झाली. पुढं पुढं घराबाहेर बोलणंही तिनं सोडलं. घरात मात्र बोलायची, आणि आपला आवाज किती मोठा झालाय हे तिला कळायचं नाही.

आईचा खरा जीव होता क्रोशाच्या विणकामात. आवारातल्या एका लांबट खोलीत मिसबाईंचा शिवणवर्ग भरे. मिसबाई म्हणजे आमच्या मिशनच्या परदेशी बाई. उंच, पांढऱ्या केसांच्या, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलणाऱ्या. त्यांच्याकडं नमुन्यांची इंग्रजी पुस्तकं होती. बायका गोल करून बसत, मिसबाई खुर्चीत बसून एकेक ओळ मराठीत करून मोठ्यानं वाचत, "पाच साखळ्या घ्या. दोन घरं सोडा. पुढच्या घरात एक खांब." आणि पंधरावीस हातांतल्या सुया एकदम चालत. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की आकड्याची एक सुई आणि दोरा, यांतून सगळं उभं राहतं. दोऱ्याचे फासे एकात एक ओवले की साखळी होते. साखळीवर उभा टाका घातला की तो खांब. अगदी बुटका, दाबून बसवलेला टाका म्हणजे मुका खांब. मध्ये सोडलेली जागा म्हणजे घर. लेस कितीही नाजूक असो, ती या चारपाच गोष्टींचीच बनते. कुठं काय आणि किती, एवढाच काय तो प्रश्न. आणि ते सगळं मिसबाईंच्या तोंडून ऐकायचं. आईच्या हाताला त्या वर्गात तोड नव्हती. आजारातून उठल्यावर ती एकदाच तिथं गेली. शेजारणीच्या हातांकडं बघत विणत राहिली, पण शेजारीण तिच्यापेक्षा हळू, आणि चुकायचीही. घरी आल्यावर तिनं सुई पत्र्याच्या डब्यात टाकली आणि डबा फळीवर ठेवून दिला.

त्याच सुमाराला माझी सातवीची परीक्षा झाली होती. मिसबाईंनी नगरच्या ट्रेनिंगला माझ्यासाठी शब्द टाकला होता. दोन वर्षं तिथं राहायचं आणि मास्तरीण होऊन यायचं, हे माझ्या मनात इतकं पक्कं होतं, की मी न्यायच्या पेटीला आतून कागदसुद्धा चिकटवून ठेवला होता. बाबांनी एका संध्याकाळी मला दवाखान्याच्या पायरीवर बोलावलं. ते मोजकं बोलणारे गृहस्थ. "सरोज," ते म्हणाले, "नगरचं आता राहू दे. मी दिवसभर हितं. तिच्याजवळ कोण? तूच आता तिचे कान." मी होय म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांचं खोटं नव्हतं. पण घरी येऊन मी त्या पेटीवर गोधडी टाकली, म्हणजे ती दिसायला नको.

अशात दौंडहून मार्थामावशी आली. मावशी आईची धाकटी बहीण. तिचे यजमान रेल्वेत फायरमन, राहणं रेल्वेच्या क्वार्टरात. दोघी बहिणी मूळच्या मांडवगण फराट्याच्या, पण मावशीच्या बोलण्यात दौंडचं हिंदी आणि रेल्वेचं इंग्रजी मिसळून गेलं होतं. तिच्या रूथचं लग्न ठरलं होतं. येताना तिनं साजूक तुपातल्या करंज्या आणल्या होत्या, आणि बसल्या बसल्या ती सगळं मलाच सांगत होती. "रूथला व्हेल पायजे जाळीचा, चारी बाजूंनी लेसवाला. पयल्यांदा वाटलं अक्का करंल. पर आता अक्काला कुठलं जमतंय? मग मीच करीन म्हन्ते अर्धंमुर्धं, बाकीची बाजारची लावू." आई शेजारीच होती. मावशी तिच्याकडं बघून मोठ्यानं, तोंड वेडंवाकडं करून एखादा शब्द बोले आणि मग पुन्हा माझ्याकडं वळे. "झोप लागती का गं तिला? जेवती का?" आई आमच्या दोघींच्या ओठांकडं आळीपाळीनं बघत होती. मावशीनं आणलेल्या एका जुन्या मासिकाच्या पानावर नवरीचं चित्र होतं, डोक्यावरून पाठीवर सोडलेल्या व्हेलचं. आईनं ते पान ओढून घेतलं, लेसवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही मी करीन."

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मी होकाराची मान हलवली. का हलवली, मला माहीत नव्हतं.

मिसबाईंनी तसल्याच लेसचा नमुना त्यांच्या पुस्तकात शोधून दिला आणि मला समोर बसवून एकेक ओळ मराठीत सांगितली. मी ती नीट, पूर्ण वाक्यांत उतरवून घेतली. वेळ थोडा होता म्हणून ठरलं असं, की अर्धी लेस आईनं शिरूरला करायची, अर्धी मावशीनं दौंडला, आणि लग्नाच्या आधी दोन्ही जोडायच्या. मला वाटलं, आपलं काम झालं. आईला वाचता येत होतंच. ती रोज संध्याकाळी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची, ओळीखाली बोट धरून, एकेक शब्द लावत. पण शास्त्र वाचताना हात मोकळे असतात. "नंतर मागील ओळीतील दोन घरे सोडून तिसऱ्या घरात पाच खांब घालावेत," एवढं वाचून होईपर्यंत तिच्या बोटांतला टाका निसटे. टाका धरावा तर पानावरची जागा हरवे. दोन दिवसांत तिनं सहा बोटं लेस विणली आणि सहाही उसवली. तिसऱ्या दिवशी ती सुई टाकून पिठलं करायला उठली, आणि त्या रात्रीचं पिठलं खारट झालं होतं.

मग मी डोकं लढवलं. एवढी लांबण कशाला, अक्षरंच वापरू. साखळीला सा, खांबाला खां, मुक्या खांबाला मु, सोडायच्या घरांना सो. सगळा नमुना मी एका पाटीवर बसवला आणि स्वतःवरच खूश झाले. आईनं पाटी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. तिथं सा ५ सो २ खां १ सा २ खां १ अशी मुंग्यांची रांग लागलेली होती.

"ही कुनाची चिठ्ठी?" ती म्हणाली. "तुज्या बाबांच्या डाक्टरची का?"

मी तिला खुणेनं, ओठ हलवून, बोट ठेवून सगळं समजावलं. तिला समजलंही. पण समजणं वेगळं आणि विणता विणता डोळा टाकून उमगणं वेगळं. मधल्या एखाद्या सो आणि सा मध्ये तिची नजर घसरायची, की पुढचं सगळं वाकडं. मी कंटाळून पाटी पुसायला घेतली, तेव्हा आईनं माझं मनगट धरलं आणि पेन्सिल काढून घेतली. पाटीच्या कोपऱ्यात तिनं एक उभी रेघ काढली. "ह्यो खांब." बाजूला एक लहान वाटोळं काढलं. "ही साखळी." मग थांबली. मुका खांब कसा दाखवायचा, हे तिला सुचेना. मी एक बुटकी रेघ काढून दाखवली, तिनं नको म्हणून मान हलवली. उभ्या रेघांच्या गर्दीत ती बुटकी रेघ कुणाला दिसणार? थोडा वेळ तिनं पेन्सिल हनुवटीला लावली आणि मग एक जाड ठिपका टेकवला. "मिटलेलं तोंड," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली. तापानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं ते तेव्हा.

त्यानंतरचे आठदहा दिवस आमच्या घरात जे चाललं होतं, त्याला काय म्हणावं हे मला पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं. मागच्या वर्षी माझ्या नातीनं मला सांगितलं. ती संगणकाचं काम करते. ती म्हणाली, "आजी, आमच्यात एक जुनी भाषा आहे, तिच्यात नुसते कंसात कंस असतात, वाचताना जीव जातो. मग माणसं त्या भाषेतच आपले शब्द, आपल्या खुणा बनवून घेतात आणि त्यांत लिहितात. मशीनला काही फरक पडत नाही. वाचणाऱ्या माणसाला पडतो." मी तिला म्हटलं, आमच्याकडं मशीन नव्हतं, नुसती वाचणारीच होती. पण तिचं म्हणणं मला पटलं, कारण आमचंही तिथंच अडलं होतं. खुणा झाल्या तरी ओळ लांबच्या लांब होती. एका घरात पाच खांब, मग दोन साखळ्या, मग पुन्हा एका घरात पाच खांब. उभ्या रेघा मोजता मोजता आई थकायची. एकदा ती विणलेल्या भागावरून बोट फिरवत म्हणाली, "हे पाच खांब न्हवंच. ह्यो पंखा हाय. पाच कशाला मोजू? पंखा म्हन की."

तिथून वाट फुटली. पाच खांबांची एक खूण झाली, उघडलेल्या पंख्याची. तीन साखळ्यांची गाठ मारून टोकाला जो दाणा करायचा, त्याचं नाव कळी. दोन साखळ्या, एक खांब, दोन साखळ्या, एक खांब अशी जी रिकामी पट्टी यायची, तिचं नाव जाळी. पानाच्या डोक्यावर मी प्रत्येक खूण काढून, तिच्यापुढं ती कशाची बनते ते लिहिलं, आणि खाली नुसत्या खुणा. पुस्तकात जिथं तारा छापून "ताऱ्यापासून पुन्हा" असं म्हटलं होतं, तिथं आई नेहमी गोंधळायची. पुन्हा म्हणजे कुठवर पुन्हा, हे तिला सापडायचं नाही. आम्ही त्या भागाच्या दोन्ही अंगांना कंस घातले. आईनं त्यांना दारं म्हटलं. "ह्या दारातनं आत शिरायचं, त्या दारातनं भायेर पडायचं. आन् किती येळा, ते भायेरच्या दारावर ल्ही." जी ओळ आधी पाटीभर होती, ती आता चार बोटांत मावली. विणताना आई एकदा तिच्याकडं बघायची, पुरे. मला तर ओळ बघितली की पुढची लेस डोळ्यांपुढं दिसायची.

आणि आई बोलायला लागली. खुणांबद्दलच, पण बोलायला लागली. ही रेघ जवळ घे, ह्या दोन्हींत फट ठेव, कळीला देठ काढ म्हंजी पंख्यावर बसलीय का जाळीवर ते कळंल. मी लिहायची, ती खोडायची. भाकरी तव्यावर करपायची आणि बाबा मुकाट्यानं ती उलटायचे. अलीकडं माझ्या मुलीकडं मी जपानी विणकामाचं एक पुस्तक पाहिलं. त्यात सगळे नमुने खुणांनीच छापलेले आहेत. साखळीला वाटोळं, खांबाला उभी रेघ. मी ते पान कितीतरी वेळ बघत राहिले. मुक्या खांबाला मात्र त्यांनी लहानशी फुली दिली आहे. मिटलेलं तोंड त्यांना सुचलं नाही.

दौंडसाठी त्या पानाची नक्कल मी स्वतः केली, चांगल्या कागदावर, शाईनं. दवाखान्यात आलेल्या एका रेल्वेच्या माणसाबरोबर ती मावशीला पाठवली. मावशीचा उलट निरोप आला, की समजलं, काम सुरू आहे.

लग्नाला तीन दिवस असताना आई आणि मी एस.टी.नं दौंडला निघालो. आईची लेस एका उशीच्या अभ्र्यात गुंडाळून माझ्या मांडीवर होती. आई खरं तर यायलाच तयार नव्हती. "लोक बोलत्याल आन् मी नुसती बगत बसंन," असं तिचं म्हणणं. पण लेस तिला माझ्या हाती सोपवायची नव्हती. न्हावऱ्याला गाडी बराच वेळ थांबली. तिथं आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि आईनं तेवढ्यातही अभ्रा उघडून एक कळी बोटानं सरळ केली.

दौंड म्हणजे माझ्या दृष्टीनं नुसता आवाज. मावशीच्या क्वार्टरामागंच यार्ड होतं. इंजिनांच्या शिट्ट्या, डबे जोडतानाचे धक्के, वाफ सुटल्याचा फुत्कार; भिंतीवरची भांडी सारखी थरथरायची. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर कोळशाची काजळी बसे, म्हणून रूथचं सगळं पांढरं सामान ट्रंकेत बंद होतं. घरात दहाबारा पाहुणे, चुलीवर मटणाचा रस्सा, आणि केक भाजायला तळाशी वाळू पसरलेलं मोठं पातेलं. आई उंबऱ्यात थांबून म्हणाली, "हितली जिमीन हलती." त्या घरात यार्ड असं पायांनी ओळखणारी ती एकटीच असेल.

जेवणं झाल्यावर मावशीनं खाटेवर स्वच्छ चादर घातली आणि दोन्ही लेसा शेजारीशेजारी ठेवल्या. आईची लेस सपाट, सरळ पडली होती. मावशीचीही सुंदर होती, हात सफाईचा होता, पण ती चादरीवर टेकतच नव्हती; कडेनं तिला चुण्या पडल्या होत्या, झालरीसारख्या. दोन्ही टोकं जुळवली तर एक पट्टी लांब आणि दुसरी गोळा झालेली. मावशी घाबरून गेली. "पोरीनं कागूद चुकीचा ल्हिवला," ती पाहुण्यांना सांगू लागली. "मी कागदाबरहुकूम केलंय. अक्काला आता काय कळतंय, तिनं केलं आसंल कायबी. आता आईन टायमाला काय करू मी? बाजारात कुठं भेटनार?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी कागद मागितला, तो दोनदा वाचला. खुणा बरोबर होत्या. मला काही सापडेना, आणि मावशीचं बोलणं थांबेना. ते आईला सोडून सगळ्यांना उद्देशून चाललं होतं.

आई तोवर खाटेशी गुडघे टेकून बसली होती. तिनं मावशीची लेस बोटांवर घेतली आणि एक पंखा नखानं मोजला. मग दुसरा मोजला. मग आपल्या लेसवरचा. मग उठून मावशीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"मार्था," ती म्हणाली, "मी बहिरी झालीया, मुकी न्हाई. त्यास्नी काय सांगतीस? मला सांग."

आईनं माझ्या हातातून कागद आणि पेन्सिल घेतली आणि तिच्यापुढं धरली. "हितं काड. तुजा पंखा कसा आसतो?"

मावशीनं पेन्सिल धरली. तिनं एक पंखा काढला आणि त्यात रेघा ओढल्या: सात. दौंडला एका गार्डाच्या बायकोकडून ती हे काम शिकली होती, आणि तिथं पंखा म्हटला की तो सात खांबांचाच. कागदाच्या डोक्यावर मी पाच खांब लिहून ठेवले होते, पण ते तिनं वाचलंच नव्हतं. पंखा म्हणजे काय, हे तिला माहीतच होतं की. तेवढ्याच घरांत दोन दोन खांब जास्त झाल्यावर लेस फुगणारच.

"मी उसवती," मावशी म्हणाली, आणि मग आठवून, ओठ सावकाश हलवत, आईकडं बघून म्हणाली, "अक्का, मी उसवती समदं."

आईनं नको म्हणून मान हलवली. तिनं ट्रंकेतून व्हेलची जाळी काढायला लावली, रूथला मधोमध उभं केलं आणि जाळी तिच्या डोक्यावर घातली. मावशीची फुगीर लेस तिनं चेहऱ्याभोवती, कपाळावरून खांद्यांपर्यंत धरली. आपली सपाट लेस मागं, पाठीवरून खाली. चुण्या चेहऱ्याभोवती फुलासारख्या उभ्या राहिल्या आणि मागची कड वजनानं सरळ पडली. मुद्दाम तसंच योजल्यासारखं दिसत होतं. एक म्हातारी पाहुणी म्हणाली, "असंच ऱ्हाऊ द्या." जोड खांद्यावर येत होता, तिथं एकेक कळी घातली की झाकणार होता. दोघी बहिणी खाटेच्या दोन टोकांना बसल्या आणि जोडायला लागल्या. मधूनमधून मावशी घरातल्या एका पाटीवर काहीतरी काढायची, आई बघून उत्तर द्यायची, आणि हळूहळू त्या खुणांत लेसपलीकडची गोष्टही यायला लागली. मावशीनं एकदा नवरदेवाच्या आईचा लांब नाकाचा चेहरा काढला. आई इतकी हसली, की चुलीपुढच्या बायका बघायला आल्या.

मी मात्र कागद घेऊन दारात बसले आणि पंख्याशेजारी आणखी एक खूण काढली, मोठा पंखा, सात खांबांचा. दोघींच्या तोंडी शब्द एक आणि अर्थ दोन, हे मला सुचलंच नव्हतं. आपल्याला जे स्पष्ट वाटतं, ते दुसरीला तिच्या सवयीनं दिसतं. पुढं चाळीस वर्षं पोरांना शिकवताना मी एवढी एकच गोष्ट जपली, की फळ्यावर नवा शब्द लिहिला की आधी विचारायचं, तुम्ही याला काय समजता?

लग्न छान झालं. आई पहिल्या बाकावर मावशीच्या शेजारी बसली. गाणं लागलं तेव्हा मावशीनं पुस्तक दोघींच्यामध्ये धरलं आणि ओळीवर बोट चालवत राहिली. आई गायली की नाही, मला मागून दिसलं नाही.

शिरूरला परतल्यावर कळलं, की मिसबाई वर्षभराच्या रजेवर मायदेशी निघाल्या आहेत आणि वाचून दाखवायला कुणी नाही म्हणून शिवणवर्ग बंद होणार आहे. बायका हिरमुसल्या होत्या. वडगाव रासाईहून दर आठवड्याला येणाऱ्या भामाबाई तर रडल्याच. आईला हे मी पाटीवर लिहून सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी आमचा कागद घेऊन मिसबाईंकडं गेली. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, कारण तिनं मला बरोबर नेलंच नाही. परत आली तेव्हा तिच्या हातात नमुन्यांची तीन पुस्तकं होती. मिसबाईंनी जाण्याआधीच्या दिवसांत मला तोंडी मराठी सांगायचं, मी आणि आईनं ते खुणांत उतरवायचं, आणि वर्ग आईनं चालवायचा, असं ठरलं होतं. भामाबाईंना पंखा हा शब्द पटला नाही. त्यांच्या तोंडी शिंपलाच बसला. आईनं वर्गात विचारलं, जास्त बायका शिंपला म्हणाल्या, आणि ती मुकाट्यानं सगळ्या कागदांवर पंखा खोडून शिंपला करत बसली. मला राग आला होता. तिला नाही आला.

त्याच आठवड्यात बाबा जेवत असताना ती त्यांना म्हणाली, "अहो, सरोजचं नगरचं काय झालं?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि हातानं खूण केली: तू? तुझं काय?

"माजं काय?" आई म्हणाली. "दूध बगून तापवीन. दार उगडंच ठेवीन. वर्गातल्या बायका दिसभर हायेतच, लिहून सांगत्याल, न्हाईतर काडून. ती काय जलमभर माजी पाटी धरून बसनार हाय?"

बाबा हात धुऊन उठले आणि त्यांनी माझ्या पेटीवरची गोधडी स्वतः काढली. मला आनंदच व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्या संध्याकाळी आईनं एक नवा नमुना माझ्याशिवाय, माझ्याकडं एकदाही न बघता, कागदावरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत विणला, तेव्हा मी कोरी पाटी उगाच पुसत बसले. मी इतके दिवस ज्याच्यासाठी धडपडत होते, ते हेच होतं.

निघायच्या सकाळी बाबा पेटी घेऊन पुढं स्टँडवर गेले. मी निरोप घ्यायला वर्गाच्या खोलीत गेले. बायका गोल करून बसल्या होत्या, कागद मधोमध दगडाखाली ठेवलेला, आणि कुणीच काही बोलत नव्हतं. सुया तेवढ्या चालत होत्या. आईनं मला दारात पाहिलं आणि तळहात दाखवला, थांब. तिची ओळ अर्ध्यात होती. मी उभी राहिले. ओठ हलवत तिनं ओळ शेवटापर्यंत नेली, सुई दोऱ्याच्या गुंडीत खोवली, आणि मग उठून आली. माझी वेणी तिला सैल वाटली. तिनं ती सोडून पुन्हा घातली, रिबीन घट्ट बांधली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटत प्रार्थना केली. "जा आता," ती म्हणाली, "गाडी चुकंल."

फाटकातून मी वळून पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. भामाबाईंच्या शेजारी वाकून ती त्यांच्या ओळीतलं एक घर बोटानं दाखवत होती, आणि भामाबाई मान हलवत होत्या. मला थोडं वाईट वाटलं आणि थोडं हलकं वाटलं. एस.टी. नगरच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यातलं दुसरं तेवढं उरलं.